भंडारा, तंबाखू आणि कॅमेऱ्याचं पोट

चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळला की तो कपाळावर बसतो, गाडीच्या काचेवर बसतो आणि भर गर्दीत लेन्स बदलणाऱ्या महाभागाच्या कॅमेऱ्यातही बसतो. निपाणीकडं गेलात तर तंबाखूची पूड, खानापूरकडं लाल माती. सीमाभागातल्या फोटोग्राफरला धुळीची भाषा निवडायचा अधिकार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कॅमेऱ्यात घुसून सेन्सरपाशी, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपपाशी बसलेला हा कण लग्नाच्या हॉलात तोंड दाखवत नाही. तिथं उजेड कमी म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ २.८ वर सताड उघडं. प्रकाश चहूबाजूंनी तिरका घुसतो आणि कणाची सावली विरून जाते. मग जोडपं राजहंसगडावर न्यायचं, मागचा तटही स्पष्ट हवा म्हणून भोक बारीक करून एफ १६ लावायचं, की सावली ठसठशीत! निळ्या आभाळात काळा ठिपका. नवरीची आत्या विचारणारच, "ही घार हाय काय गा?" आणि अल्बमभर घार त्याच जागी.

खरं तर धूळ सेन्सरवर बसतच नाही, त्याच्यापुढच्या फिल्टरच्या काचेवर बसते. ऑलिंपसनं २००३ साली ई-१ कॅमेऱ्यात ही काच सेकंदाला हजारो वेळा थरथरवायची सोय केली. सतरंजी झटकावी तशी धूळ सुटते आणि खालच्या चिकट पट्टीवर पडते. २००६ पासून कॅनन, सोनी, पेंटॅक्सही या वाटेला लागले. सोनी-पेंटॅक्सनी तर अख्खा सेन्सरच हलवला. सुटलेली धूळ खालीच पडावी म्हणून या थरथरीच्या वेळी कॅमेरा टेबलावर सरळ बसवा.

पण ही थरथर कोरड्या धुळीपुरतीच. घामात कालवलेली हळद किंवा पावसाळी दमटपणात चिकटलेली माती तिला दाद देत नाही. मग आपले हात.

आधी रबरी ब्लोअर. कॅमेऱ्याचं तोंड खाली, ब्लोअरचं टोक आत न खुपसता चार-पाच झटके. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते. आणि पंक्चरवाल्याचा हवेचा पाइप तर मुळीच नको. त्यातून हवेबरोबर पाणी आणि तेलही येतं. फुकट असलं म्हणून काय झालं!

तरी डाग राहिला तर स्वॅब, म्हणजे टोकाला मऊ कापड लावलेली चपटी काडी: एपीएस-सी या लहान सेन्सरला १६ मिमीचा, फुल फ्रेम या मोठ्याला २४ मिमीचा. त्यावर सेन्सर पुसायच्या द्रवाचे एक-दोन थेंब. जास्त झाले तर वाळताना ओघळ उमटतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक हात, मग स्वॅबची दुसरी बाजू वापरून परत. तोच स्वॅब पुन्हा घासायचा नाही. स्वॅब महाग म्हणून काटकसर केलीत तर उचललेला कणच काचेवर चरे ओढतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, सेन्सरपुढचा आरसा मेनूतून वर करताना बॅटरी भरलेली हवी. मध्येच संपली तर आरसा धाडकन स्वॅबवर.

शेवटी डाग गेले का बघायला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, एफ २२, फोकस पार बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, कॅमेरा जरा हलवत. भिंतीचे पोपडे पुसट होतात, सेन्सरवरचे ठिपके तेवढे जागेवर राहतात. फोटोत वर दिसणारा ठिपका समोरून पाहताना काचेच्या खालच्या बाजूला असतो, डावं-उजवं तेच. हे विसरणारे स्वच्छ बाजूच घासत बसतात. कोपऱ्यात एखादा बारीक ठिपका उरलाच तर राहू दे. तो कॉम्प्युटरवर दोन क्लिकमध्ये जातो, काचेवरचा चरा जात नाही.