वरची बुरशी काढून खालचा सॉस खायचा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

बुरशी आलेला सॉस खाऊ नका, असं सांगणाऱ्या संत्र्याच्या सॉसवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं, "हे फ्रिजवाल्यांचं ज्ञान पुण्या-मुंबईत पाजळा. आमची माय वरची बुरशी चमच्यानं काढायची, खालचा सॉस आम्ही पोळीला लावून खाल्ला, कोणी मेलं नाही. आताही एक शिशी तशीच आहे, फेकणार नाही." पुढे बेंझोएट (सॉस टिकायला घालतात ती पूड) आणि झाकणांबद्दल चार ओळी आहेत. ते सगळं लेखात आहे, पुन्हा वाचा.

एक कबूल करते. लेखातल्या फोटोत शिश्या खिडकीत उन्हात मांडल्या आहेत. फोटोपुरत्याच ठेवल्या होत्या, तरी तो टाकायला नको होता. उन्हानं सॉस काळपट पडतो.

पण 'फ्रिजवाले'? माझं माहेर अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं. संत्र्याच्या आंबिया बहारातलं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या पिकातलं, बारीक फळ व्यापारी उचलत नसे, ते आम्ही गंजात (मोठ्या पातेल्यात) आटवून शिश्या भरायचो. घरात फ्रिज आला तेव्हा मी दहावीत होते, तोही लाइन असली तर चालायचा. सासरी 22 वर्षं हा सॉस मीच करते. काही न विचारता मला शहरातली ठरवून मोकळे झालात, आणि वर 'पाजळा'! पटलं नाही तर खुशाल सांगा, पण बोलायची ही रीत आहे का?

तुमच्या मायबद्दल मला आदरच आहे. पण ती शिशी खाऊ नका, त्याचं कारण नीट ऐका. संत्र्याचा सॉस टिकतो तो आंबटपणावर. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. तो 4.6 च्या खाली असला की बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढत नाहीत. बुरशी हा आंबटपणाच खाते. वरून चमचाभर काढलीत तरी खालचा सॉस पहिल्यासारखा आंबट राहिलाच असेल असं नाही, आणि हे जंतू वाढतात तेही हवा नसलेल्या जागी. त्यांच्या विषाला ना वास, ना चव. म्हणजे चाखून काही कळत नाही.

3 वर्षांपूर्वी मे महिन्यात मी टिनाखालच्या माळ्यावरून एक शिशी काढली. तिथं ठेवली ही चूक माझीच. झाकण मधोमध फुगलेलं, अंगठ्यानं दाबलं की टक्कन परत वर. उघडायलाच नको होती, मी उघडली. फुस्स करून फेस मनगटापर्यंत आला. वास मात्र बराचसा संत्र्याचाच! जाऊबाई बोट बुडवायला निघाल्या, मी त्यांचा हात धरला. खड्डा करून ती शिशी पुरली. कुटारात ओतली नाही, कोंबड्यांपुढेही टाकली नाही.

45 अंशात थंड जागा कुठली, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मातीच्या भिंतीची अंधारी खोली, चुलीपासून लांब. दिवाळीनंतर भरलेला सॉस उन्हाळ्याआधी संपवा. फेकायला जीव होत नसेल तर लहान शिश्या भरा.

आणि ती घरातली शिशी आजच पुरा. पोरांच्या हाती लागू देऊ नका.