खुलासा: जुन्या पोर्शेचं ऑइल सकाळी थंड इंजिनावर बघू नका

‘ऑइल नेहमी सकाळी, गाडी सुरू करण्याआधीच तपासावं’ असा मेसेज सध्या पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. स्विफ्टला ते चालेल. पण १९९८ पर्यंतच्या एअर-कूल्ड, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या, पोर्शे ९११ साठी हा सल्ला चक्क उलटा आहे.

या गाडीत ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठत नाही. त्याची वेगळी टाकी असते, मागच्या उजव्या चाकाजवळ. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं बरंच ऑइल झिरपून इंजिनात उतरतं. सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) कोरडी दिसते, नवा मालक घाबरतो आणि लिटर-दोन लिटर ओततो. मग इंजिन तापल्यावर जास्तीचं ऑइल ब्रीदरवाटे, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात शिरतं आणि मागून निळा धूर. ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ म्हणून इंजिन उघडायची तयारी सुरू होते, ती वेगळीच.

तर आधी गाडी नीट तापू द्या. चांदणी चौकापर्यंत जाऊन यायला हरकत नाही, फक्त ट्रॅफिक बघून निघा! मग सपाट जागी, सोसायटीच्या रॅम्पवर नव्हे, इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक पुसून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं की पुरे. कमी असेल तर थोडं थोडंच घाला. डॅशबोर्डवर ऑइल-लेव्हलचा काटा असेल, तर तोही गरम इंजिन आयडलिंगवर असतानाच खरा. चालत्या गाडीत तो खाली पडला तरी घाबरू नका.