उणे अठरा

संध्याकाळी हेडफोन लावून रेडिओसमोर बसलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, घरातून एक ठरलेला प्रश्न येतो.
‘अहो, कोणाशी बोलताय?’
‘उरुग्वे.’
‘काय म्हणतोय?’
‘उणे अठरा.’
यानंतर स्वयंपाकघरात जी शांतता पसरते, ती मोजणारा मीटर अजून निघालेला नाही.

उणे अठरा हे त्याचं माझ्याविषयीचं मत नव्हे, माझ्या सिग्नलची त्याच्याकडे पोचल्यावरची डेसिबलमधली अवस्था आहे. अडीच किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यातला गोंगाट माझ्या सिग्नलच्या साधारण ६३ पट होता, तरी त्याच्या संगणकाला माझं नाव कळलं, एवढाच त्याचा अर्थ. लग्नाच्या हॉलमध्ये बँडला खेटून उभं राहावं आणि दुसऱ्या टोकाला आत्याबाई काय पुटपुटल्या ते शब्दन्‌शब्द सांगावं, तसलं हे काम. उणे २१च्या आसपास मात्र संगणकाच्या या कानालाही ऐकू येईनासं होतं.

हा कान बनवणाऱ्यांपैकी एक साक्षात नोबेलवाले. जोसेफ टेलर यांना १९९३ साली रसेल हल्स यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते जोडताऱ्यातल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या, शोधाबद्दल. आकाशातले इतके क्षीण ठोके ऐकल्यावर त्यांना आमच्यासारख्यांचं पुटपुटणं म्हणजे किरकोळच. २०१७ मध्ये त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ आणलं, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी सुरांत बोलायची पद्धत. एफ आणि टी ही दोघांची आडनावं, आठ म्हणजे आठ सूर. दोन सुरांत ६.२५ हर्ट्‌झचं अंतर, सगळा पसारा ५० हर्ट्‌झचा. साधं बोलायला अडीच हजार लागतात, म्हणजे एका बडबड्याच्या जागेत पन्नास मुके बसतात. दर १५ सेकंदांची एक पाळी, तिच्यात १२.६४ सेकंद सूर आणि एका पाळीत ७७ बिटांचा निरोप. माझं नाव, तुझं नाव, जगाच्या नकाशावरचा माझा चौकोन. पुण्याचा एमके६८, मुंबईचा एमके६९. नाशिकवरून वीस अंशाचं अक्षांशवृत्त जातं, त्यामुळे तिथल्या हॅमने आपण एमकेत राहतो की एमएलमध्ये हे घराचे अक्षांश बघूनच ठरवावं.

हे सगळं संगणक करतो, मग तुम्ही काय करता, असं लोक विचारतात. आम्ही वायरी जोडतो.

नव्या रेडिओला संगणकाशी जोडायला यूएसबीची एक केबल पुरते. जुना असेल तर मध्ये एक डबी लागते: येणाऱ्या आणि जाणाऱ्या आवाजासाठी १:१चे दोन ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, बोलायचं बटण दाबायला एक ऑप्टोकप्लर, म्हणजे तारेऐवजी उजेडातून इशारा देणारा स्विच. दोनशे रुपये वाचवायला ट्रान्सफॉर्मर गाळून थेट वायर जोडली, की संगणक आणि रेडिओ यांच्या अर्थिंगमध्ये फेरा तयार होतो आणि जगाला आपल्या वीजमंडळाची घरघर ऐकू जाते.

मग विंडोज. नवं साउंडकार्ड, म्हणजे आपला रेडिओ, दिसलं की विंडोज त्यालाच घरचा मुख्य स्पीकर मानून मोकळं होतं. प्रक्षेपण चालू असताना सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ असा मेसेज आला, की त्याची टिंग १४.०७४ मेगाहर्ट्‌झवरून लिस्बनला जाऊ शकते. लिस्बनकरांनी भरून ठेवायची पिंपं कुठून आणावीत? म्हणून संगणकाचे बाकी आवाज लॅपटॉपच्या स्पीकरकडे वळवायचे, साउंड स्कीम ‘नो साउंड्स’ करायची, मायक्रोफोनच्या सगळ्या सुधारणा बंद करायच्या आणि विंडोजचं नवं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा तपासायचं. पुन्हा म्हणजे दर वेळी.

आवाजाची पातळी हा स्वभावाचा प्रश्न आहे. ऐकताना शांत बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरचा उभा मीटर ३०च्या आसपास हवा. पाठवताना एएलसीचा, म्हणजे जास्तीची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा, काटा जागेवरून हलता कामा नये. मराठी माणसाला फोनवर लांबच्याशी जोरात बोलायची सवय, म्हणून तो पातळी चढवतो. मग ६०० हर्ट्‌झवर पाठवलेला सिग्नल १२०० आणि १८०० वरही उमटतो आणि एकच गृहस्थ तीन ठिकाणी पंगतीला बसलेला दिसतो. सेटिंगमध्ये ‘स्प्लिट’पुढे ‘फेक इट’ निवडलं, की सूर १५०० ते २००० हर्ट्‌झमध्ये राहतो आणि त्याच्या पटी रेडिओच्या फिल्टरबाहेर पडतात. शिवाय शंभर वॉटचा रेडिओ तीस-चाळीसवरच ठेवायचा. बोलताना माणूस श्वास घेतो, एफटी८ घेत नाही. बारा सेकंद सलग पूर्ण ताकद, मग भजी तळायला रेडिओची पाठ पुरते.

आणि तरीही यूएसबीचा संपर्क तुटतो. गच्चीवर अँटेना म्हणून ४० मीटर बँडची टोकाला जोडलेली वायर असते: सुमारे २०.२ मीटर लांब, बुडाशी ४९:१चा ट्रान्सफॉर्मर. या वायरीला परतीची वाट हवी असते आणि ती कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, बाहेरच्या अंगावरून थेट आपल्या टेबलावर उतरते. पाठवायला सुरुवात झाली की माउस गोठतो, रेडिओ मात्र पाठवतच राहतो. कारण खरंच हेच आहे का, ते बघायची युक्ती सोपी: ताकद दहा वॉटवर आणा. दुखणं गेलं तर दोष रेडिओलहरींचा. मग ३१ नंबरच्या फेराइट कड्यातून यूएसबीचे आठ-दहा वेढे, तसेच वेढे कोॲक्सचे. एक चिमटीचा मणी अडकवून देवाला हात जोडणं पुरत नाही.

खरी गंमत घड्याळाची. ‘पाच मिनिटांत पोचतोच’ म्हणून अंघोळीला जाणाऱ्या समाजाला हा छंद सेकंदाचा हिशेब विचारतो. एक सेकंदाचा फरक खपतो, दोनच्या पुढे बहुतेक सगळं मुकं होतं. धबधब्यात, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात, रेघा छान दिसतात, पण शब्द एकही उमटत नाही. पडद्यावर डीटी नावाचा रकाना असतो, त्यात समोरचा किती लवकर किंवा उशिरा बोलला ते कळतं. एखाद्याचा डीटी १.५ असेल तर त्याचं घड्याळ चुकलेलं. सगळ्या जगाचा डीटी १.५ असेल तर आपलं चुकलेलं, आणि तेही पुढे. उणे असेल तर आपण मागे. हे मान्य करायला पहिल्यांदा बराच वेळ लागतो. जपान, इटली आणि सौदी एकाच वेळी उशीर करताहेत असंच आधी वाटतं. विंडोज आपल्या सवडीने वेळ जुळवतं, म्हणून नेटवरून वेळ जुळवणारं वेगळं एनटीपीचं सॉफ्टवेअर घालावं. गडावर नेट नसेल तर यूएसबीचा जीपीएस न्यावा.

बँडवरचा कचरा हा वेगळा विषय. धबधब्यात ठरावीक अंतराने उभे जाड पट्टे दिसले तर तो परदेश नाही, कोणाचा तरी एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर आहे. रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, लॅपटॉप चार्जरविना चालवा आणि घरचे एमसीबी एकेक करून पाडा. कचरा गेला तर चोर घरचा. नाही गेला तर शेजारच्या काकूंकडे जावं लागतं, आणि त्यांनी ‘आमचा टीव्ही तुमच्याच त्या तारेमुळे बिघडतो’ हे वाक्य आधीच तयार ठेवलेलं असतं.

आता निरोप. आपल्याकडे पाहुणा ‘येतो हं’ म्हणाल्यावर दारात अर्धा तास उभा राहतो, तशी इथेही सोय आहे. मी चौकोन सांगितला, समोरच्याने उणे १५ दिले, मी आर उणे १२ म्हटलं, म्हणजे तुझं मिळालं, हे घे माझं. आता त्याने आरआर७३ म्हणायचं, म्हणजे पोचलं, नमस्कार. ते त्याने म्हटलं, पण मला ऐकूच आलं नाही. मी पुन्हा आर उणे १२. त्याच्या लेखी काम संपलं, तो दुसऱ्याकडे वळला. मी आर उणे १२. गंमत म्हणजे आरआर७३ हा नकाशावरचा खराखुरा चौकोनही आहे, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात. तिथे राहणारं कोणी नाही म्हणून बरं, नाहीतर पत्ता सांगितला की संभाषण संपलं.

झालेली भेट लॉगमध्ये, म्हणजे दोघांच्या नोंदवहीत, जुळली तरच खरी. नोंदी ताडून बघणारी ऑनलाइन सेवा एलओटीडब्ल्यू, ती दोन्ही नोंदींत अर्ध्या तासापर्यंतचा फरक चालवून घेतं. हाताने लॉग भरताना जागतिक वेळेऐवजी भारतीय वेळ लिहिली, की साडेपाच तासांनी सगळं चुकतं आणि उरुग्वे भेटूनही भेटत नाही. २०२४च्या मे महिन्यात तर सायबर हल्ल्यामुळे ही सेवाच बंद पडली, ती १ जुलैला परत आली. तोपर्यंत जगभरचे हॅम लग्न लागलेले पण नोंदणी न झालेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या जार्विस बेटावरच्या हॅम मोहिमेने सुपरफॉक्स नावाची पद्धत वापरली: १५१२ हर्ट्‌झचा रुंद सिग्नल, एका दमात नऊ जणांना उत्तर. शिवाय अस्सलपणा पटवायला डिजिटल खूण. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसे दुर्मिळ बेटांचेही निघतात.

एवढ्या खटाटोपात मनातलं काही बोलायची सोय एकच: मुक्त मजकूर, जास्तीत जास्त तेरा अक्षरांचा. रोमन लिपीत ‘जेवण झालं का’ मोकळ्या जागा धरून बरोबर तेरात बसतं. प्रश्नचिन्हाला जागा उरत नाही, पण आपल्याला ते कधी लागलंय? न्यू जर्सीतल्या मराठी हॅमला हे पाठवावं. त्याच्या संगणकाला या मजकुरात ना त्याचं नाव सापडतं, ना माझं, ना आकडा. तो पंधरा सेकंद थांबतो आणि उत्तर देतो: आर उणे १२.