आवाज आला की शॉकअपच गेले?

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की जुन्या गाडीला पुढून खडखड सुरू झाली की शॉकअप (धक्के जिरवणारे शॉक अॅब्सॉर्बर) गेले समजा, बॉनेट दाबून खात्री करा, खर्च टाळायचा असेल तर बुशांवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांवर) जुनं इंजिन ऑइल सोडा, आणि स्टेअरिंग सरळ राहतंय तोवर काळजी नको. यातले पहिले तीन सल्ले खिशाला चाट लावतात, चौथा जिवावर बेततो.

शॉकअप मेला की गाडी झुलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, टायर जागोजागी खातो. खराब डांबरावरून सावकाश जाताना येणारी बारीक कटकट मात्र बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची निघते. स्टॅबिलायझर म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा, गाडी कलू न देणारा आडवा बार; त्याची टोकं सस्पेन्शनला जोडते ती लिंक. दोन्ही चाकं एकदम चढतील अशा गतिरोधकावरून सरळ जा. आवाज कमी आला, पण एकच चाक खड्ड्यात गेल्यावर वाढला, तर संशय लिंकवर घ्या. दोन्ही चाकं बरोबर हलली की बार आपल्या बुशात नुसता फिरतो. एकच हललं की तो पिळला जातो आणि लिंकचा झिजलेला बॉल वाजतो.

ही लिंक तपासतानाही गफलत होते. एका बाजूला जॅक लावायचा, लिंक हाताने हलवायची आणि ‘टाइट आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, एक चाक लटकत असताना बार पिळलेलाच असतो, मग झिजलेली लिंकसुद्धा घट्टच लागणार! गाडी पिटवर घ्या, चारही चाकं टेकलेली ठेवा. एकाने गाडी आडवी हलवायची, दुसऱ्याने लिंकच्या बॉलवर बोटं ठेवायची. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर टिचकी थेट बोटाला लागते. लिंकची जोडी शॉकअपच्या मानाने किरकोळ पैशांत येते आणि ती बदलल्यावर चाकांची अलाइनमेंटही करावी लागत नाही. ‘लिंक किंवा बार काढूनच टाका’ असं सांगणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. जुन्या मारुती ८०० मध्ये तर बारच लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) पुढे-मागे धरून ठेवतो.

बॉनेट दाबून पार मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला नाही. हाताने आपण सावकाश दाबतो, रस्ता मारतो झटक्यात. त्यापेक्षा शॉकअपवर तेल ओघळलंय का ते बघा. उभ्या गाडीत एकाला स्टेअरिंग फिरवायला लावा आणि स्प्रिंगवर हात ठेवा. स्प्रिंग अडकून ‘टण्ण’ करून सुटली तर शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. हलका ब्रेक धरून त्याच खड्ड्यातून गेल्यावर आवाज थांबला, तर सस्पेन्शनला हात लावण्याआधी ब्रेकचे पॅड आणि ते दाबणारा कॅलिपर बघा.

आता ते इंजिन ऑइल. रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. कुरकुर चार दिवस थांबते, मग बुश फाटतो. चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरी उन्हाने रबर आधीच कडक झालेलं असतं. कुरकुर कुठल्या बुशाची हे शोधायला साधं पाणी मारा. ज्यावर मारल्यावर आवाज जरा वेळ थांबेल, तो बुश बदला. बदलताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. लोअर आर्मचा बुशाचा बोल्ट गाडी उचललेली असतानाच आवळला, तर चाकं टेकल्यावर रबर ओल्या टॉवेलसारखं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. बोल्ट आधी नुसता अडकवायचा, गाडी खाली घ्यायची, वजन चाकांवर आलं की मग पक्का आवळायचा. ‘डुप्लिकेट माल निघाला’ या तक्रारीमागे कितीदा तरी हेच कारण असतं.

राहिला स्टेअरिंगचा भरवसा. बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) झिजला तरी गाडी सरळ धावू शकते, आणि तो निसटला की चाक आडवं पडतं. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. तेवढ्याने प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडचा प्ले बहुधा टाय रॉड एन्डचा, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचा. बॉल जॉइंट सैल निघाला तर होटगी रस्त्यावरून सात रस्त्यापर्यंतसुद्धा गाडी चालवत नेऊ नका. टोचन लावूनही नको, पुढची चाकं उचलून न्या. ती रस्त्यावर फिरताहेत तोवर जॉइंटवर ताण आहेच.