कंदील विहिरीत सोडू नका, मेसेज पुढे सोडू नका

'जमिनीत पेट्रोल-डिझेल मुरलं तरी घाबरू नका, विहिरीचं पाणी घरच्या घरी तपासा' असा मेसेज सध्या धुळे-पारोळा पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. पारोळ्याकडे आमच्या मामांच्या बांधापलीकडे हायवेवर टँकर उलटला होता, त्यामुळे मामांनी तो फारच मनावर घेतला. फोनवर म्हणे, "भो, पानी ते गोड शे, वास बी येत नही!" आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी चौथा मुद्दा, कारण तो जीव घेईल. 'पेटता कंदील दोराने विहिरीत सोडा, भडका झाला नाही तर पाणी शुद्ध.' गाळ काढायला माणूस उतरण्याआधी कंदील सोडायची रीत आपल्याकडे आहे, पण ती आत प्राणवायू आहे की नाही हे बघायला. कुण्या दीडशहाण्याने ती पेट्रोलला चिकटवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, विहिरीत साचून राहते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरते. म्हणजे पाणी नापास झालं तर काठावर वाकलेला माणूसच भाजणार! आणि भडका नाही झाला, तर पेट घेण्याइतकी वाफ नव्हती एवढंच कळतं. पाण्यात काय विरघळलंय ते कंदिलाला कुठून कळणार?

वासाचंही तेच. बेंझीन हा पेट्रोलमधला कर्करोग करणारा घटक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवा. पाण्यातल्या बेंझीनचा वास यायला लागतो तो १० मिलिग्रॅमच्या आसपास, हेही तीच संघटना सांगते. हजारपट! पेट्रोलमधल्या इतर घटकांचा वास आधी येऊ शकतो, मान्य. पण बेंझीन पाण्यात जास्त विरघळतं आणि मातीला कमी चिकटतं, त्यामुळे ते बाकीच्यांच्या पुढे पळू शकतं.

'तेल वर तरंगतं, खालचं पाणी घ्या.' तवंग वर राहतो, बेंझीन खाली उतरतं. 'उकळा.' वाफ स्वयंपाकघरात. 'तुरटी फिरवा.' तुरटीने गढूळपणा बसतो, बेंझीन नाही.

'मोटार चालवून विहीर उपसून टाका' हे मात्र कंदिलाखालोखाल घातक. उपसा केला की आजूबाजूचं पाणी विहिरीकडे ओढलं जातं, आणि त्याच्याबरोबर दूषित पाणीही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाट काढतं, कुठल्या विहिरीत निघेल सांगता येत नाही.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो: 'जमिनीतले जिवाणू तेल खाऊन टाकतात.' खातात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, तिथे संशोधकांनी हे वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. पण तिथे तेल अजूनही जमिनीत आहे, आणि जिवाणूंच्या त्याच खटाटोपात मातीतलं आर्सेनिक सुटून पाण्यात आलं. हे कळलं ते भोकं पाडून, पुन्हापुन्हा नमुने घेतल्यामुळे.

एकदाच तपासूनही भागत नाही. मे महिन्यात पाणी खाली जातं तसा तवंगही खाली उतरून मातीला माखतो, पावसाळ्यात पाणी चढलं की तो पाण्याखाली अडकतो. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर, गळतीच्या वरच्या आणि उताराच्या अशा दोन्ही बाजूंना नमुने लागतात. प्लॅस्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून डिकीत तापत नेलेला नमुना कामाचा नाही, बेंझीन वाटेतच उडून जातं. त्यासाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी लागते. ती काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, आणि लगेच बर्फात. शिवाय क्षार-नायट्रेट-जिवाणूंच्या नेहमीच्या तपासणीत बेंझीन बघतच नाहीत, त्यामुळे त्यातला 'पिण्यायोग्य' शेरा इथे निरुपयोगी.

तेव्हा मामा, मोटार बंद ठेवा, प्यायचं पाणी दुसरीकडून आणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज करा. अर्जात 'बेंझीन' हा शब्द घाला, नुसतं 'पाणी तपासा' लिहाल तर नेहमीचीच तपासणी करून मोकळे होतील.