चावीतला सेल संपला म्हणून गाडी अडत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर पुश बटणाच्या गाड्यांबद्दल एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: चावीतला सेल उतरला तर गाडी पाम बीच रोडवर धावता धावता बंद पडेल. मग टोइंगशिवाय इलाज नाही. सेल घरी बदलू नका, कोडिंग (गाडी ज्यावरून चावी ओळखते तो कोड) उडतं. तोवर सेल तळहातावर चोळून गरम करा. आणि जुना सेल टाकू नका, घड्याळाला चालतो. यातलं बहुतेक चुकीचं आहे आणि शेवटचा सल्ला तर घातक आहे.

धावती गाडी बंद पडण्याचं आधी. इंजिन सुरू झालं की ते चालू ठेवायला चावीची गरज उरत नाही. चावी सापडेनाशी झाली तर मीटरवर सूचना येते, बीप वाजतो, गाडी चालत राहते. घोडबंदर रोडवर इंजिन खरंच बंद पडलं असेल तर दोष दुसरीकडे शोधा. खरी फजिती वेगळीच होते: चावी खिशात असलेला माणूस माजिवड्याला उतरून जातो, गाडी पुढे जाते आणि एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. त्यात सेलचा काही दोष नाही.

‘टोइंगशिवाय इलाज नाही’ हे तर चावीची रचनाच माहीत नसल्याचं लक्षण. दाराच्या हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर साद घालते आणि चावी बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. या उत्तराला सेल लागतो. पण त्याच चावीत इमोबिलायझरची, म्हणजे योग्य चावी ओळखूनच इंजिन सुरू होऊ देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेची, चिप असते आणि तिला सेल लागत नाही. गाडीतली कॉइल जे चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातूनच ती वीज घेते. मात्र तिचा पल्ला काही सेंटिमीटरचाच, म्हणून चावी खिशात ठेवून भागत नाही, टेकवावी लागते.

आधी दार. चावीवरचा छोटा खटका सरकवला की आतून धातूची चावी निघते. ड्रायव्हरच्या हँडलवर चावीचं भोक दिसत नसेल तर ते प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. हँडल ओढून धरा, टोपीच्या खालच्या खाचेत चावीचं टोक घाला आणि टोपी अलगद उचका. असं दार उघडल्यावर काही गाड्यांचा सायरन वाजतो. घाबरू नका, गाडी सुरू झाली की तो थांबतो. आता ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक, गिअरची असेल तर क्लच दाबून ठेवा, चावी स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत चावीच्याच टोकाने बटण दाबायचं असतं, काहींत चावीची ठरावीक बाजू टेकवायची असते, तर काहींत चावी ठेवायची जागा कप होल्डरमध्ये किंवा आर्मरेस्टखाली असते. आपल्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. भर पावसात तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसताना शोधणं अवघड जातं.

कोडिंगचं भय निराधार आहे. कोड ज्या मेमरीत असतो, तिला वीज नसली तरी ती पुसली जात नाही. सेल काढून चावी आठवडाभर ठेवली तरी कोड जागेवरच राहतो.

सेल बदलताना नेमक्या चुका होतात त्या अशा. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच घ्या. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ ची जाडी २.५ मिलिमीटर. व्होल्टेज दोघांचं ३ असल्याने दुकानदार ‘चालतं की’ म्हणतो, पण ०.७ मिलिमीटरच्या फटीमुळे संपर्क सुटतो आणि चावी लहरीपणा करते. उलट जाड सेल दाबून बसवला तर संपर्काचा पत्रा वाकतो आणि मग योग्य सेलही नीट बसत नाही. धातूची चावी काढल्यावर दिसणाऱ्या खाचेत, टोकाला टेप गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळा, म्हणजे चावीचं कव्हर उघडतं. सेल उचलण्याआधी फोटो काढा, म्हणजे प्लसची बाजू वर होती की खाली हा प्रश्न उरत नाही. नवा सेल कडेने धरा, धातूच्या चिमट्याने नको, कारण सेलची कडही प्लसच असते आणि चिमटा दोन्ही बाजूंना टेकला की शॉर्ट होतो. संपर्काचे पत्रे हिरवट झाले असतील तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाला लावून पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. कडेचं रबर खोबणीत बसलंय ना बघा, नाहीतर आपल्याकडच्या जूनच्या दमट हवेत वर्षभरात पत्रे पुन्हा हिरवे.

सेल चोळण्याचा सल्ला थंड देशांतला आहे. गारठलेल्या सेलला उब दिली की थोडा जोर येतो, हे खरं. ठाण्यात मे महिन्यात कसला गारठा?

आणि मुळात दोष सेलचाच आहे का? दुसऱ्या चावीने करून बघा. तीही चालत नसेल आणि मीटरचे दिवे मंद असतील तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. चावी वायरलेस चार्जरवर ठेवली असेल तर आधी उचला: हे चार्जर बहुधा ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि गाडीची साद त्यातच बुडते. नुसता मल्टीमीटर लावलात तर फसाल, कारण थकलेला लिथियम सेलही भार नसताना ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेलच्या दोन्ही बाजूंना ३३० ओहमचा रेझिस्टर जोडून, म्हणजे सेलवर थोडा भार टाकून, एक-दोन सेकंद मोजा. ताजा सेल ३ च्या जवळ टिकतो. २.६ व्होल्टच्या खाली घसरला तर बदला. नेरूळ-वाशीच्या रो-हाऊसमध्ये दारालगत गाडी आणि भिंतीपलीकडे चावीचा खिळा असेल तर चावी सतत जागी होत राहते आणि सेल लवकर उतरतो. खिळा तीन-चार मीटर आत न्या.

राहिला जुना सेल. चावीला पुरेसा नसलेला सेलही लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजू शकतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका. थेट एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना सेलचा नंबर व गिळून किती वेळ झाला ते सांगा.