पूलचे स्टेडियम आणि तिथून उठलेला फुटबॉल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, पूल हे बंदराचे शहर आहे आणि गेली काही वर्षे मी तिथे राहतो. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी विंबोर्न रोडवरच्या स्टेडियममधून मोटारसायकलींचा कर्कश आवाज उठतो आणि त्यापाठोपाठ वाऱ्यावर एरंडेलाचा वास येतो. हा भास नव्हे. या शर्यतींच्या इंजिनांत एरंडेलापासून बनवलेले वंगण वापरण्याची जुनी प्रथा आहे, त्यामुळे लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या त्या तेलाची आठवण मला सातासमुद्रापार, तीही शर्यतीच्या मैदानावर, दर आठवड्याला होते.

स्पीडवे नावाचा हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. स्पीडवेच्या गाडीला ५०० सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन असते, इंधन मिथेनॉलचे, गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाहीत. लंबगोलाकार, मातीच्या धावपट्टीवर चार स्वार डावीकडे वळत चार फेऱ्या मारतात, आणि वळणावर वेग कमी करण्याऐवजी मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवून, डावा पाय जमिनीला टेकवत गाडी आडवी नेतात. सगळे मिनिटभरात आटोपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा प्रत्येक शर्यतीनंतर हे गुण छापील कार्यक्रमपत्रिकेतल्या चौकटींत पेन्सिलीने भरतात. फलकावर सगळे दिसत असतानाही ते असे का करतात, हे मी एकदा विचारले. "न लिहिलेली शर्यत मला पाहिल्यासारखी वाटत नाही," असे ते म्हणाले.

त्याच आजोबांकडून मला कळले की हे स्टेडियम मुळात मोटारसायकलींसाठी नव्हतेच. ते १९३३ मध्ये उभे राहिले आणि पूल टाउन हा फुटबॉल क्लब तिथे नांदू लागला. हा क्लब १८८० चा. स्टेडियम होण्यापूर्वीच, जानेवारी १९२७ मध्ये, त्याने एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मजल मारून एव्हर्टनसारख्या बलाढ्य संघाशी त्यांच्याच मैदानावर झुंज दिली होती आणि ३-१ असा सन्मानाने हरला होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर लोक खेळासाठी आसुसलेले होते. १९४६ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी इथे जो सामना झाला, त्याला दहा हजारांहून अधिक प्रेक्षक आले. पूल टाउनचा तो दणदणीत पराभव होता, तरी गर्दीचा विक्रम मात्र त्याच दिवसाच्या नावावर आहे. इंग्लंडकडून खेळून झालेला विल्फ मॅनियनही पुढे, कारकिर्दीच्या उतरणीला का होईना, याच क्लबकडून खेळला.

१९४८ मध्ये त्याच हिरवळीभोवती स्पीडवे सुरू झाला आणि पूल पायरेट्स हा संघ तिसऱ्या श्रेणीत उतरला. १९५१ मध्ये त्याने ती श्रेणी जिंकली आणि लगेच पुढच्या वर्षी दुसरीही. १९६९ मध्ये तो ब्रिटिश लीगचा, म्हणजे अव्वल श्रेणीचा, विजेता ठरला. १९६१ पासून ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीही आल्या, म्हणजे एकाच आवारात तीन खेळ नांदू लागले. मला या काळाचे फार अप्रूप वाटते. लंबगोलात आयत बसवायचा म्हटले की कोपऱ्यांची ओढाताण होणारच. शिवाय गाड्यांच्या मागच्या चाकांनी उडवलेली बारीक खडी गवतावर पडणार आणि पडलेल्या खेळाडूचे गुडघे तिने सोलले जाणार. अशी कुरबुर गृहीत धरूनही फुटबॉल आणि स्पीडवे तब्बल ४६ वर्षे एका छपराखाली राहिले. त्यात अडचणीची वर्षेही होती. १९८४ च्या अखेरीस पायरेट्स हा संघ बंद पडला आणि शेजारच्या वेमथचा संघ आपले 'वाइल्डकॅट्स' हे नाव घेऊन इथे मुक्कामाला आला. स्पीडवेला अशी दुसरी संधी मिळाली आणि पुढे पायरेट्स हे नावही परतले.

फुटबॉलला ती मिळाली नाही. १९९४ मध्ये स्टेडियमच्या पुनर्विकासाच्या वेळी पूल टाउनला बाहेर पडावे लागले. ज्या क्लबच्या पायाशी हे स्टेडियम उभे राहिले, तोच क्लब दुसऱ्यांच्या मैदानावर उपरा झाला. पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. १९९५-९६ च्या हंगामात या संघाने ४२ सामन्यांत एकही विजय मिळवला नाही, एक बरोबरी साधली, १७ गोल केले आणि १८८ गोल खाल्ले. सलग ३९ सामने गमावले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, तालमींच्या फुटबॉल सामन्यांच्या गदारोळात लहानाचा मोठा झालेला माणूस मी. स्वतःचे मैदान नसलेला संघ म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. घरचे मैदान गेले की गर्दी जाते, गर्दीबरोबर गल्ल्यातले पैसे जातात आणि पैशांमागोमाग चांगले खेळाडूही.

माझा राग पायरेट्सवर नाही, हे स्पष्ट लिहितो. पुढे २०१२ चा विश्वविजेता झालेला ऑस्ट्रेलियाचा ख्रिस होल्डर इथे घडला, त्याचा देशबंधू डार्सी वॉर्ड इथे खेळला, आणि २०१५ मध्ये पोलंडमधल्या अपघातात वॉर्डला कायमचे अपंगत्व आले तेव्हा या शहरातली माणसे घरातल्या मुलासारखी हळहळली. खेळ जिवाभावाचा आहे. पण स्टेडियमचा इतिहास सांगताना लोक १९४८ पासून सुरुवात करतात आणि त्याआधीची पंधरा वर्षे गाळून टाकतात, ते मला मान्य नाही. सार्वजनिक जागेवर दोन खेळांचा संसार इतकी वर्षे चालला असेल, तर नव्या बांधणीत एकाला बाहेर काढणे हा सोपा मार्ग होता, एकमेव मार्ग नव्हता, असे माझे ठाम मत आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की आता पाळी स्पीडवेवर येऊ शकते. २०२० मध्ये कुत्र्यांच्या शर्यती थांबल्या, म्हणजे आवारातला आणखी एक भाडेकरू गेला. कॉव्हेंट्रीजवळचे स्पीडवेचे ब्रँडन स्टेडियम २०१६ नंतर सुने पडले. पीटरबरोची धावपट्टीही २०२३ नंतर गेली. ज्यांनी १९९४ मध्ये फुटबॉल जाताना पाहिले आणि गप्प बसले, त्यांनी या वेळी नगरपरिषदेच्या बैठकीत उभे राहून बोलावे. मी तर बोलणार आहे.

पूल टाउन मात्र संपला नाही. आता तो पूलमधल्याच टॅटनमला, एका शाळेच्या मैदानावर खेळतो. त्याने वेसेक्स लीग ही खालच्या श्रेणीतली प्रादेशिक स्पर्धा लागोपाठ तीन वर्षे जिंकली आणि मैदान नियमांत बसत नसल्याने त्याला वरच्या श्रेणीत जाण्यासाठी २०११ पर्यंत थांबावे लागले. पाच वर्षांनी तो नॅशनल लीग साउथपर्यंत, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सहाव्या श्रेणीपर्यंत, पोहोचला. गेल्या शनिवारी मी तिथे गेलो होतो. कुंपणाला टेकून, हातात पत्रिका धरून आजोबा उभे होते आणि गोल झाल्यावर मिनिट विचारून ते पेन्सिलीने लिहून घेत होते.